परसबागेत मिरची-वांग्याची वाढ खुंटली, शेंडे वाकडे येतात. कोणतं औषध मारू?

प्रश्न दोनदा वाचला. धुळ्याला घरामागे वांगी, मिरची, टोमॅटो लावलेत. अडीच महिने झाले तरी झाडं गुडघ्याच्या वर जाईनात, नवी पानं वाकडी येतात, वांग्यात अळी निघते. रोज पाणी देता, चुलीची राख टाकता. गावाकडच्या काकांनी मध्ये एकदा "चांगलं औषध" मारून दिलं, त्यानेही फरक नाही, तर आता दुसरं कोणतं मारू.

दुसरं राहू द्या. आधी सांगा, काका फवारणीचा पंप कोणता घेऊन आले होते?

आम्ही अमळनेरचे. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये सगळ्यांना जे वेड लागलं ते मलाही लागलं. घरामागे दहा बाय वीसचा तुकडा आहे, तिथे भरताची सहा वांगी, आठ मिरच्या, चार टोमॅटो सप्टेंबरात लावले. सुरुवातीला मीही तुमच्यासारखी सकाळ-संध्याकाळ पाणी ओतायची. सासूबाई ओट्यावरून बघत होत्या. म्हणाल्या, "झाडले पानी दी ऱ्हायनी का बुडाई ऱ्हायनी वं?" आपली काळी माती वरून भेगाळलेली दिसते, पण बोटभर खाली चिखल असतो. तिला रोज पाणी दिलं की मुळं गुदमरतात, वाढ थांबते, कोवळी पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोक ते पाहून आणखी खत टाकतात. मी तीन-चार दिवसांआड पाणी सुरू केलं, बुडाशी केळीची वाळलेली पानं अंथरली आणि दिवाळीपर्यंत झाडं अशी भरली की कॉलनीतल्या बायका बघायला यायच्या. हे मी स्वतःचं कौतुक म्हणून सांगत नाहीये. (थोडं सांगतेय.)

डिसेंबरात मिरचीवर मावा आला. चार शेंडे चिकट झाले, मुंग्या चढायला लागल्या, एवढंच. साबणाच्या पाण्याने जाणारी गोष्ट. पण त्याच आठवड्यात आमचे नाना, म्हणजे माझे जेठ, ट्रॅक्टर घेऊन गावात आले होते. घरची आठ एकर शेती तेच बघतात, कापूस आणि गहू. त्यांनी मावा पाहिला आणि मी चहा टाकून बाहेर येईपर्यंत पाठीवरचा पंप चढवून सुरूही झाले. कपाशीचं उरलेलं औषध होतं. मी म्हटलं, नाना, आठ दिवसांत वांगी तोडायची आहेत. म्हणे, काही होत नाही, आम्ही जन्मभर मारतो.

चौथ्या दिवशी टोमॅटोचे शेंडे खाली वाकले. आठवड्याने जी नवी पानं आली ती पानं म्हणवत नव्हती. गवारीच्या शेंगेसारखी अरुंद, शिरा एकमेकींना चिकटून सरळ रेषेत, देठ पिळलेल्या सुतळीसारखा. खालची जुनी पानं मात्र ठणठणीत. मिरचीचं तेच. वांग्याचा शेंडा हुकासारखा वळला आणि तिथेच थांबला.

नानांना फोनवर फोटो पाठवला. उत्तर आलं, "व्हायरस शे तो. उपटी फेक."

आता ऐका. फवारणीच्या दिवशी मी दोरीवर डबल बेडची चादर वाळत घातली होती. चादर भिजू नये म्हणून नाना तिथून मागे वळले होते. चादरीमागच्या दोन मिरच्यांवर थेंबही पडला नाही. त्या दोन मिरच्या शेवटपर्यंत हिरव्यागार राहिल्या, मार्चमध्ये त्यांचा ठेचा केला. व्हायरस पांढऱ्या माशीवर बसून येतो. माशी चादर बघून परत जात नाही.

मग मी ह्यांना विचारायला लावलं की आदल्या आठवड्यात पंप कुठे फिरला होता. गव्हात. टू-फोर-डी मारायला. रुंद पानांच्या तणासाठीचं तणनाशक आहे ते. गव्हाला काही होत नाही, पण कपाशी, टोमॅटो, मिरची, वांगी यांना त्याचा वासही सोसत नाही. पंपाच्या रबरी वायसरमध्ये, नळीत, नोझलमध्ये ते चिकटून बसतं. नुसत्या पाण्याने खळबळून निघत नाही. "पंप तीनदा धोयेल शे मी," हे नानांचं आजही म्हणणं आहे. जानेवारीत भरीत पार्टीला त्यांच्याच शेतात गेलो (वांगी बामणोदकडची, विकतची, कारण घरची मी उकिरड्यातसुद्धा न टाकता खड्डा करून पुरली होती), तर गव्हाला लागून असलेल्या हरभऱ्याच्या दोन ओळी अगदी माझ्या टोमॅटोसारख्या पिळलेल्या. मी बोटाने दाखवलं. नाना म्हणाले, "त्यालेबी व्हायरस शे." सगळे हसले. मी नाही हसले.

म्हणून तुम्हाला विचारते. वाकडेपणा सगळ्या झाडांत एकाच आठवड्यात आला का? फवारणीनंतर आला का? नवी पानं अरुंद आणि जुनी धड आहेत का? तर तुमच्या काकांचा पंप तपासा, आणि शेजारी कुणी मका-गव्हात तणनाशक मारलं का तेही विचारा, वाऱ्याने उडून येतं. यावर उतारा म्हणून मारायचं कोणतंही औषध नाही, दुकानदार देईल पण घेऊ नका. कमी लागलं असेल तर शेंडे छाटा, महिन्याभरात खालून चांगली फूट येते. त्या झाडांची फळं खाऊ नका. आणि कपाशीचं औषध घरच्या भाजीवर कशाला मारायचं? मोनोक्रोटोफॉस या कीटकनाशकाला भाजीपाल्यावर २००५ पासून बंदी आहे, तरी कपाशीसाठी आणलेली उरलीसुरली बाटली आपल्याकडे वांग्यावर रिकामी व्हायचीच. शिवाय त्याने मावा खाणारे ढालकिडे आधी मरतात आणि पुढच्या महिन्यात लाल कोळी (पानांतला रस शोषणारा बारीक जीव) दुप्पट जोमाने येतो.

वांग्यातल्या अळीचं विचारलंत. मलूल होऊन लोंबलेला शेंडा दिसला की दोन बोटं खालून कापा, चिरून बघा, आत गुलाबी-पांढरी अळी असते. शेंडा आणि भोक पडलेलं फळ साबणाच्या पाण्यात बुडवा, तिथेच बाजूला टाकू नका, पतंग होऊन परत येते. एक कामगंध सापळा (मादीच्या वासाने नर पतंग पकडणारा) लावा, महाग नसतो. पाच-दहा झाडांना याहून जास्त काही लागत नाही. निंबोळी अर्क हवा तर पन्नास ग्रॅम निंबोळी भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, चिमूटभर साबणचुरा घालून संध्याकाळी मारा.

राख बंद करा. आपली काळी माती बहुधा आधीच अल्कधर्मी, त्यात राख क्षारच वाढवते.

आता एक राहिलं, नाहीतर म्हणाल बाईंना सगळीकडे पंपच दिसतो. मिरचीची पानं वाटीसारखी वर वळत असतील तर फुलकिडे असतात; पांढऱ्या कागदावर शेंडा झटका, बारीक पिवळसर किडे पळताना दिसतील. कडा खाली वळून पानं उलट्या होडीसारखी झाली तर कोळी. आणि एक-दोनच झाडं आखडून, पिवळी पडून, बुटकी राहिली असतील आणि झटकल्यावर पांढरी माशी उडत असेल, तर तो खरंच व्हायरस; तेवढी झाडं उपटा. (नानांसाठी: एक-दोन झाडं. सगळी एकदम नाही.) धुळ्यात कृषी महाविद्यालय आहे, एक फांदी पिशवीत घालून घेऊन जा, बघून सांगतील. टोमॅटो फेब्रुवारीनंतर लावला असेल तर आपल्या उन्हात फूल गळणारच, त्यात तुमचा दोष नाही.

मी आता तीनशे रुपयांचा हातपंप घेऊन ठेवलाय, तो कुणालाच देत नाही. नाना माणूस वाईट नाहीत, गहू-ज्वारी दरवर्षी त्यांच्याकडूनच येते.

काकांनी पंप घरचा आणला होता की कुणाचा मागून, आणि आधी कशात मारला होता, ते विचारून कळवा.