सागरविहारला सापडलेल्या शंखाबद्दल

सप्रेम आशीर्वाद.

शंख काल पोचला. कापसात गुंडाळून, चष्म्याच्या जुन्या डबीत ठेवून पाठवलास, त्यामुळे ओठाचा, म्हणजे तोंडाच्या बाहेरच्या कडेचा, एक टवकाही उडालेला नाही. चिठ्ठीत विचारलं आहेस : ‘वाशीला, सागरविहारच्या काठावर ओहोटीला मिळाला. वाशीच्या खाडीत कोन शंख राहतात अशी नोंद करू का?’

नोंद जरूर कर. फक्त ‘राहतात’ हा शब्द खोड आणि तिथे ‘सापडला’ लिही. या एका शब्दासाठीच एवढं लांब पत्र लिहायला बसले आहे.

ओळख तू बरोबर पटवली आहेस. हा कोनस टेक्स्टाइल, शंकूच्या आकाराच्या कोन शंखांपैकी एक. १७५८ साली लिनियस या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञाने हे नाव दिलं, ते त्याच्या विणलेल्या कापडासारख्या नक्षीवरून. तंबूसारख्या पांढऱ्या त्रिकोणांच्या रांगा, प्रत्येकाला तपकिरी कड, आणि मधूनमधून सोनेरी-पिवळे पट्टे, त्यांत नागमोडी गडद रेघा. नक्षी लक्ष वेधून घेते हे खरं, पण शंख हातात आला की आधी आकार बघायची सवय लाव. रंग उन्हाने उडतो, आकार टिकतो.

टोक वर धरून बघ. वरचा निमुळता, वेटोळ्यांचा भाग म्हणजे कळस. यात तो मध्यम उंचीचा आहे. त्याखालचा खांदा गोलसर उतरतो, धारदार नाही. शेवटचं वेटोळं बाजूंनी किंचित फुगीर आहे, पट्टीने आखल्यासारखं सरळ नाही. तोंड म्हणजे वरून खालपर्यंत गेलेली उभी फट. खाली येताना ती थोडी रुंद होते आणि आतून पांढरी आहे. मी मोजला, लांबी ८ सेंटिमीटर २ मिलिमीटर भरली. हे सगळं वहीत उतरव, सोबत स्वतः चित्र काढ. फोटो काढलास तरी चित्र काढच. खांद्याचा उतार काढताना हात अडखळतो आणि मग आपण तिथे नीट बघतो.

एक गोष्ट बाहेरून दिसत नाही. कोन शंख वाढताना आतल्या वेटोळ्यांच्या भिंती स्वतःच विरघळवून पातळ करतो, कारण अरुंद घरात शरीराला जागा हवी असते. बाहेरची भिंत जाडजूड, आतली कागदासारखी. एखादा फुटका शंख मिळाला तर फेकू नकोस, हे त्यातच बघायला मिळतं.

आता घराचं. हा प्राणी तांबड्या समुद्रापासून हवाई बेटांपर्यंत पसरलेला आहे. आपल्या देशात लक्षद्वीप, अंदमान, मन्नारचं आखात इथे सापडतो. ओहोटीच्या रेषेपासून साधारण ५० मीटर खोलीपर्यंत, प्रवाळाच्या आसपासची वाळू, प्रवाळाचा चुरा, दगडांची खालची बाजू, या त्याच्या जागा. दिवसा वाळूत पुरलेला असतो, रात्री सोंडेसारखी नळी बाहेर काढून पाण्यातला वास घेत निघतो. खाद्य म्हणजे दुसरे शंखप्राणी. तोंडात पोकळ दात असतो, छोट्या भाल्यासारखा. तो भक्ष्यात रुततो आणि त्यातूनच विष आत जातं.

ही सगळी माहिती हाताशी धर आणि सागरविहारला उभं राहून समोर बघ. गुडघाभर मऊ चिखल, काठाने तिवरं, गढूळ पाणी. पावसाळ्यात गोडं पाणी उतरलं की खारेपणा झपाट्याने घटतो. निवट्या, खेकडे, तिवरांच्या मुळांशी सरपटणारे लांबट खडबडीत शंख यांचं ते घर आहे, आणि खूप समृद्ध घर आहे. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला तो काही उपकार म्हणून नाही. पण इथे प्रवाळ नाही, स्वच्छ वाळूचा तळ नाही. तुझा शंख इथे जगलेला असणं शक्य नाही.

मग आला कुठून? काल रात्री भिंगाखाली धरला तेव्हा ओठाच्या मागच्या बाजूला बोटाच्या नखाएवढा पिवळट थर दिसला. सुईने टोकरला तर रबरासारखा उचलून आला. गोंद! त्यात चंदेरी चमकीचे दोन कण अडकले होते. कुणाच्या तरी आरशाच्या चौकटीवर किंवा मखरावर चिकटवलेला शंख आहे हा. बहुधा निर्माल्याबरोबर पाण्यात गेला आणि भरतीने तुझ्या पायाशी आणून टाकला. तो थर मी तसाच ठेवला आहे, तूही काढू नकोस.

हे इतकं हट्टाने का सांगते, तर ही चूक मी केलेली आहे. कॉलेजात असताना किनाऱ्यावर मिळालेल्या कोन शंखांवर मातकट साल होती. जिवंतपणी बहुतेक कोन शंखांवर अशी साल असते, खालची नक्षी तिच्याआड झाकलेली राहते. मला नक्षी हवी होती. रात्रभर ब्लीचमध्ये ठेवून साल घालवली, आणि चिठ्ठीवर लिहिलं फक्त ‘कोकण’. नौपाड्याच्या घरी कपाटात ते शंख अजून आहेत. सुंदर दिसतात. कुठला किनारा, कुठला महिना, वाळू की खडक, काही म्हणजे काही सांगता येत नाही. कुणी अभ्यासाला मागितले तर द्यायला मला लाज वाटते.

कधी लक्षद्वीपला गेलीस आणि जिवंत कोन शंख दिसला, तर हात लावायचा नाही. ‘रुंद बाजूने धरलं तर चालतं’ असं कुणी सांगेल, ऐकू नकोस. दंश करणारी सोंड (वास घेणारी नळी वेगळी) वळून शंखाच्या बऱ्याच भागापर्यंत पोचते, आणि टेक्स्टाइलच्या दंशाने माणसं दगावल्याची नोंद आहे. याच कुळातल्या कोनस मॅगसच्या विषावरून तीव्र वेदनांवरचं झिकोनोटाइड हे औषध तयार झालं, २००४ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली.

आणि अरबी समुद्र कोन शंखांना परका आहे असंही समजू नकोस. १८९४ मध्ये जुसोमने वर्णन केलेला कोनस मिलनेएडवर्डसी हा उंच, पायऱ्यापायऱ्यांच्या कळसाचा देखणा शंख भारताच्या पश्चिमेकडच्या समुद्रात, किनाऱ्यापासून लांब, खोल पाण्यात असतो. त्याला वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. शोभेच्या दुकानात कुणी देऊ केला तरी घ्यायचा नाही.

शंख याच डबीतून परत पाठवते आहे, सोबत चिठ्ठी लिहून : ‘कोनस टेक्स्टाइल. सागरविहार, वाशी येथे ओहोटीला सापडला. मूळ ठिकाण अज्ञात. ओठामागे गोंदाचा थर.’ तारीख तू घाल, मला सांगायची राहिली आहे. येत्या रविवारी ओहोटी सकाळी लवकर असेल तर ऐरोलीला ये, तिवरांतले शंख दाखवते. उचलायचा एकही नाही. वही, पेन्सिल आणि चिखलात भिजले तरी चालतील असे बूट घेऊन ये.