कासवाचे अंगण : दोन फूट वर, दीड फूट खाली

प्रश्न : खारघरला आमचे रो-हाउस आहे. मागे दहा बाय बारा फूट मातीचे अंगण आहे. सुमारे फूटभर लांबीचे सल्काटा (आफ्रिकेतले जमिनीवरचे मोठे) कासव आहे, नोंदणी केलेली आहे. जाळीचे कुंपण घालावे की भिंत बांधावी?
– एक वाचक, खारघर

उत्तर : जाळी नको. पलीकडचे दिसले की कासवाला तिथून वाट आहे असेच वाटते. दिवसभर तिथेच धडका देते आणि नाकाची साल काढून घेते. भिंत भरीव हवी. मात्र तिची खरी परीक्षा जमिनीखाली होते, कारण सहाराच्या दक्षिणेकडील साहेल पट्ट्याच्या रखरखाटात बीळ खणून जगणारे हे जनावर आहे.

16×8×6 इंचांचे सॉलिड सिमेंट ब्लॉक घ्या. चौफेर 44 फूट, म्हणजे एका थराला 33 आणि पाच थरांना 165. फुटतूट धरून 175 मागवा. 20 इंच खोल चर खणून तळाला 4 इंच काँक्रीट घाला. त्यावर दोन थर मातीखाली, तीन थर वर. पांढरे हलके ब्लॉक जमिनीखाली वापरू नका, ते पाणी शोषतात. दरवाजा ठेवूच नका. दोन फुटांची भिंत आपल्याला सहज ओलांडता येते, कासव मात्र दाराखालची फट बरोबर हेरते.

कासव खणायला सुरुवात करते ती बहुधा भिंतीच्या कडेने. म्हणून आतून भिंतीला लागून दीड फूट रुंदीची शहाबादी फरशी बसवा आणि सांधे सिमेंटने भरा. नखे घासली जातात हा वरचा फायदा. चारही कोपऱ्यांवर आतल्या बाजूला 4 इंच पुढे येणारी कडाप्प्याची पट्टी लावा. कोपऱ्यात दोन्ही भिंतींना पाय रोवून कासव चढते आणि उलटे पडते. एप्रिलच्या उन्हात उलटे पडलेले कासव फार वेळ तग धरत नाही.

पावसाळा हा याहून मोठा शत्रू. जमिनीवरच्या कासवाला पोहता येत नाही. बारा फुटांच्या लांबीत 3 इंच उतार काढा आणि खालच्या भिंतीतून 2 इंची पीव्हीसी पाइपचे दोन तुकडे बाहेर काढा. त्यांच्या तोंडाला जाळी लावा, आणि जुलैत रोज तिच्यावरचा पाला काढा. एक दिवस चुकले तरी अंगणाचे तळे होते.

रात्रीची खोली 4×3 फूट, 2 फूट उंच, 6 इंच चौथऱ्यावर. चढ किमान दोन फूट लांब ठेवा आणि ओला असतानाच खराट्याने खरबरीत करा. पत्र्याखाली थर्माकोल घालणार असाल तर तो प्लायने झाका, उघडा राहिला तर कासव खाते. रात्री तापमान 20 अंशांखाली जाणार असेल तर थर्मोस्टॅटवर 100 वॉटचा सिरॅमिक हीटर लावा, त्याला तारेचा पिंजरा करा. लाइनवर आरसीसीबी (शॉक बसण्याजोगी गळती झाली की वीज तोडणारा स्विच) हवाच. थंडी आणि ओल एकत्र आली की नाकातून बुडबुडे येतात. तसे दिसले तर घरगुती उपाय न करता थेट पशुवैद्याकडे जा.

सात दिवस भिंतीवर पाणी मारा, नंतर सगळे धुऊन काढा. बायंडिंग वायरचे तुकडे आणि खिळे हाताने वेचा. अंगणात कण्हेर किंवा घाणेरी असेल तर मुळासकट काढा. जास्वंद लावा, पाने, फुले दोन्ही चालतात.

प्रश्न : घोडबंदर रोडला वरच्या मजल्यावर टेरेस फ्लॅट आहे. गच्चीवर फूटभर माती टाकून वर पॉलिकार्बोनेटचे छत केले तर?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : करू नका. वावरायच्या गच्चीसाठी आयएस 875 या भारतीय मानकात धरलेला वापरभार (माणसे आणि सामान यांचा भार) दर चौरस मीटरला साधारण 150 किलो आहे. फूटभर ओली माती तेवढ्याच जागेत 500 किलोंच्या वर जाते, आणि वाढलेला सल्काटा एकटाच 40-50 किलोंचा होतो. खालच्या घरातली गळती वेगळीच. शिवाय पॉलिकार्बोनेटमधून आणि काचेतून यूव्हीबी (उन्हातले अतिनील) किरण जात नाहीत. ऊन दिसते, पण कॅल्शियम पचवायला लागणारे डी3 जीवनसत्त्व तयार होत नाही. लहान कासवाची पाठ मऊ पडते. स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या लेखी संमतीशिवाय मातीचा विचार नको. संमती मिळाली तरी हे कासव गच्चीवरचे नव्हे.

प्रश्न : पाठीवर चांदण्या असलेले छोटे कासव कुणी तरी भेट दिले आहे. त्यालाही असाच कठडा चालेल का?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : वर्णनावरून ते तारा कासव दिसते. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार ते घरात ठेवणे गुन्हा आहे, मग भेट असो वा विकत घेतलेले. कठडा बांधू नका. वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवून ते त्यांच्या स्वाधीन करा. ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात सोडणे ही सुटका नव्हे. ते कोरड्या, झुडपी माळाचे कासव आहे, आपल्या पावसात टिकणारे नाही. गाडी येईपर्यंत कोरड्या खोक्यात, वाऱ्यापासून दूर ठेवा. खोक्याला भोके पाडा, घुशी आणि कावळ्यांपासून जपा.