तो कागद आहे तसाच द्या

आक्का, नमस्कार.
बेळगावपासून तासाभराच्या वाटेवर तालुक्याच्या गावात एक डिग्री कॉलेज आहे, तिथं मी १४ वर्षं कॉमर्स शिकवते. गेल्या वर्षी प्राचार्यांनी अंतर्गत तक्रार समितीत, म्हणजे लैंगिक छळाच्या तक्रारी घेणाऱ्या समितीत, माझं नाव घातलं. गणपतीच्या आठवडाभर आधी बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाची, खेड्यातनं बसनं येणारी एक मुलगी माझ्याकडे आली. प्रॅक्टिकल संपलं की एक सर ‘जर्नल राहिलंय’ म्हणून तिला मागं थांबवतात, अगदी जवळ येऊन उभे राहतात, खांद्यावर हात ठेवतात, रात्री मेसेज करतात. ‘इंटर्नलचे मार्क माझ्याच हातात आहेत’ असंही म्हणाले. रडत नव्हती, पण हात थरथरत होते. तिनं दोन पानं लिहून आणली होती. मराठीत होती म्हणून मी म्हटलं, इंग्रजीत नाहीतर कन्नडमध्ये लिहून आण, म्हणजे पुढं पाठवता येईल. ती परत आलीच नाही. पानं माझ्या पर्समध्येच राहिली. आता ती प्रॅक्टिकललाही दिसत नाही. प्राचार्यांच्या कानावर घातलं, तर म्हणाले, घरातलाच मामला आहे, मी सरांना समजावतो, कागद वाढवू नका. सर आपल्याच लोकांतले, त्यांची बायको आणि मी एकाच भिशीत. प्रकरण वाढलं तर मुलीचं नाव खराब होईल, वडील कॉलेज बंद करतील. गप्प बसावं तर झोप लागत नाही. तिच्या आईवडिलांना जाऊन भेटू का? की तिचीच समजूत काढू?
– कात्रीत सापडलेली

बाई,

झोप लागत नाही म्हणता, त्यावर माझ्याकडे औषध नाही, आणि तूर्त मला त्याची काळजीही नाही. मला काळजी आहे त्या दोन पानांची. ‘मराठीत होती म्हणून’ एवढं तुम्ही जाता जाता लिहिलंत आणि पुढं गेलात. माझं बोट तिथंच अडकलं. सरांचं वागणं वाईट, प्राचार्यांचं बोलणं चुकीचं, हे तुम्हाला कुणीही सांगेल. पण ती पोर सरांना भिऊन गप्प झाली नव्हती. त्यांना न जुमानता ती दोन पानं लिहून तुमच्यापर्यंत आली होती. गप्प झाली ती तुमच्या टेबलावरनं परत फिरल्यावर.

‘इंग्रजीत लिहून आण’ म्हणजे तुम्ही तिला काय सांगितलंत, ते तिच्या जागी उभं राहून बघा. एवढं इंग्रजी येत असतं तर तिनं पहिल्यांदाच तसं लिहिलं असतं. म्हणजे तिला आता कुणाकडं तरी जायला हवं. चुलतभावाकडं? गावातल्या हायस्कूलच्या मास्तरांकडं? की बसस्टँडसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात, जिथं टाइप करणारा पोरगा प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचतो आणि मागं चारजण प्रिंटसाठी खोळंबलेले असतात? सर खांद्यावर हात ठेवतात, हे वाक्य तिनं कुणाच्या तोंडासमोर सांगायचं? जून २०२३ पासून कर्नाटकात सरकारी बसला बायकांना तिकीट नाही, म्हणून रोजचं येणंजाणं तिला परवडतं. ही वाट परवडणारी नव्हती. मुलीचं नाव खराब होईल म्हणून घाबरताय ना? नाव फुटायचा पहिला रस्ता तुम्हीच तिला दाखवलात. ती त्या रस्त्यानं गेली नाही, हे तिचं शहाणपण.

आणि तक्रार मराठीत चालत नाही, हे सांगितलं कुणी? कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा वाचा. कॉलेजांसाठी यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, २०१५ साली काढलेले नियम वाचा. तक्रार लेखी हवी एवढंच त्यात आहे, अमुकच भाषेत हवी असं कुठंही नाही. उलट एखादीला लिहून देता येत नसेल, तर समितीच्या सदस्यांनी तिला लिहायला लागेल ती मदत करायची, असं कायद्याच्या नवव्या कलमात आहे. म्हणजे कष्ट तुम्ही घ्यायचे होते. समितीतल्या कुणाला मराठी वाचता येत नसेल तर समितीनंच भाषांतर करून घ्यावं आणि मूळ कागदाला जोडावं. हा कायदा मुळात उभा राहिला तो राजस्थानातल्या भंवरी देवीमुळं. खेड्यात बालविवाह थांबवायचं काम करणारी ती साथिन. १९९२ साली तिच्यावर अत्याचार झाला, त्यातनं सुप्रीम कोर्टाचा १९९७ चा विशाखा निकाल आला, आणि त्यानंतर १६ वर्षांनी कायदा. फर्डं इंग्रजी लिहिणाऱ्या बायकांसाठी तो जन्माला आलेला नाही.

मला जास्त लागलं ते आपण बेळगावकडची माणसं आहोत म्हणून. १९५६ साली आपला भाग कन्नड राज्यात गेला, तेव्हापासून आपल्या घराघरांत एकच मागणं ऐकत आलोय: उतारा मराठीत द्या, नोटीस मराठीत द्या, आमच्या भाषेत लिहिलेलं वाचा. १ नोव्हेंबरला काळे कपडे घालून आपली माणसं रस्त्यावर उतरतात. त्या फेरीत तुमच्याही घरचं कुणी ना कुणी चाललेलं असेल. आणि आपल्याच एका पोरीनं आपल्या भाषेतला कागद आपल्याच बाईंच्या हातात दिला, तेव्हा बाई म्हणाल्या, दुसऱ्या भाषेत आण. कुणा परक्या साहेबानं अडवलं नव्हतं हो.

मी हे उंचावर बसून बोलत नाही. नोकरीची २६ वर्षं मी एका कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर काढली. एके दुपारी एक बाई आली, वरच्या साहेबाविरुद्धचा अर्ज घेऊन. कॅलेंडरच्या पानाच्या मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलेला, ओळी उजवीकडं खाली खाली उतरत गेलेल्या. मी वाचलासुद्धा नाही. ‘टाइप करून आणा’ म्हणाले आणि पुढचं टपाल ओढलं. तिनं पानाच्या चार घड्या घातल्या, पदराच्या टोकात बांधलं आणि गेली. ती परत आली नाही. मी नाव विचारलं नव्हतं, त्यामुळं पुढं शोधताही आलं नाही. पानाच्या पुढच्या बाजूला मे महिना होता, एवढंच मला आजही दिसतं.

तुमच्याकडं नाव आहे, पानं आहेत आणि अजून थोडे दिवसही आहेत. पण थोडेच. घटना घडल्यापासून, आणि प्रकार पुन्हा पुन्हा घडला असेल तर शेवटच्या घटनेपासून, तीन महिन्यांत तक्रार करायची असते. समितीला कारण लिहून आणखी तीन महिने वाढवता येतात, पण त्या भरवशावर राहू नका. गणपतीच्या आधीपासून दिवाळीपर्यंत दोन महिने ती पानं तुमच्या पर्समध्ये चुरगळत पडली. माझ्या मते समितीच्या सदस्याच्या हातात तिनं कागद दिला त्याच दिवशी तक्रार झाली. मात्र ते दाखवायला कागदावर तारीख लागते, आणि ती तारीख या जगात फक्त तुम्हीच घालू शकता.

तेव्हा आईवडिलांकडं जायचं नाही. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाची मुलगी आहे ती, स्वतःचा कागद स्वतः लिहिणारी. तिच्या बापाला ती तुमच्यापेक्षा जास्त ओळखते, आणि तो धोका तोलूनच तिनं पेन हातात घेतलं. तिची समजूतही काढायची नाही. सुट्टी संपून कॉलेज उघडलं की पहिल्या दिवशी तिला गाठा. स्टाफरूममध्ये बोलावू नका आणि मैत्रिणींदेखत विचारू नका. लायब्ररीच्या कोपऱ्यात दोन मिनिटं पुरतात. तिला म्हणा, ‘चूक माझी झाली. तू लिहिलंयस ते तसंच मी आज देते. देऊ?’ ती नको म्हणाली तर तो तिचा हक्क, तिथं थांबा. पण हात थरथरत असताना दोन पानं पुरी करणारी पोर नको म्हणेल असं मला वाटत नाही. मेसेज पुसू नकोस, एवढंही तेव्हाच सांगा. आणि तिला पोलिसांत जायचं असेल तर तीही वाट उघडी आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत लैंगिक छळाला ७५ वं कलम आहे, पाठलागाला ७८ वं. तिनं तसं ठरवलं तर कॉलेजनं तिला मदत करायची असते.

ती हो म्हणाली की त्याच दिवशी पानं समितीच्या अध्यक्ष बाईंच्या हातात गेली पाहिजेत. प्राचार्यांना विचारत बसू नका. तक्रार घ्यायची की नाही हे त्यांनी ठरवायचं नसतं. मिटवायचं असेल तर तसं फक्त तिनं म्हणायचं असतं, आणि तिनं म्हटलं तरी पैशांवर मिटवता येत नाही. तक्रार दाखल झाली की सात दिवसांत सरांना प्रत जाते आणि ९० दिवसांत चौकशी पुरी करायची असते. पण त्याहीआधी समितीकडनं एक गोष्ट मागून घ्या: चौकशी संपेपर्यंत त्या सरांनी या मुलीचं जर्नल, टेस्ट, इंटर्नल, काहीही तपासायचं नाही. ही सोय यूजीसीच्या नियमांत स्पष्ट लिहिलेली आहे आणि कॉलेजांत ती फार कमी जणांना माहीत असते. ‘इंटर्नल माझ्या हातात आहेत’ या वाक्यातली हवा तिथंच निघून जाते. तिची प्रॅक्टिकलची बॅचही बदलून घ्या. आज हजेरी बुडतेय ती तिची. सर रोज सही करून पगार घेताहेत.

भिशीत यातलं अक्षरही काढू नका, आणि घरी नवऱ्याजवळही नाही. गुप्तता पाळणं तुमच्यावर कायद्यानं बंधनकारक आहे, मोडलीत तर ५,००० रुपये दंड आहे. मैत्रिणीचं तोंड चुकवावं लागेल, तेवढं सोसा.

आता कागद कसा द्यायचा ते नीट ऐका, हे माझ्या कामातलं आहे. तिच्या पानांवर एकही शब्द दुरुस्त करायचा नाही, ऱ्हस्व-दीर्घसुद्धा नाही. वरच्या कोपऱ्यात, तिनं पानं दिली त्या दिवशीची तारीख, ‘मला मिळाली’ आणि तुमची सही. शेजारी आजची तारीख वेगळी लिहा. मागची म्हणून नवी तारीख खपवू नका. सोबत स्वतःच्या हातानं चार ओळी: ही दोन पानं मला अमुक दिवशी मिळाली, ती आजपर्यंत पुढं गेली नाहीत याला मी जबाबदार आहे, विद्यार्थिनी नाही. खाली सही. सगळ्याच्या दोन झेरॉक्स काढा, आणि मशीनपाशी स्वतः उभ्या राहा. एक प्रत तुमच्याकडं. मूळ पानं लखोट्यात, वर अध्यक्ष बाईंचं नाव आणि ‘गोपनीय’. आवक रजिस्टरला नंबर घालून घ्या. विषयाच्या रकान्यातही ‘गोपनीय’ एवढंच, मुलीचं नाव कुठंच नाही. तो नंबर दुसऱ्या प्रतीवर उतरवा, शिक्का मारून घ्या आणि ती पोच संध्याकाळी तिची बस सुटायच्या आधी तिच्या हातात द्या. आणि लखोट्याला स्टेपल मारू नका, स्टेपल कुणीही काढून परत मारतं. डिंक लावा आणि जोडावर आडवी सही करा.

– आक्का