हिमप्रदेशातील दरडींवर नजर ठेवायची, तर पदवी कोणती?

सप्रेम नमस्कार.

बारावी विज्ञान शाखेत शिकणाऱ्या आपल्या मुलीला आर्क्टिक भागातील हिमस्खलने, दरडी आणि वितळत चाललेली जमीन यांवर लक्ष ठेवण्याचे काम करायचे आहे. त्यासाठी पर्यावरणशास्त्राची पदवी घ्यावी की भूशास्त्राची, आणि इतक्या दूरच्या विषयावर पोट भरते का, असे आपण विचारले आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर थेट देतो: भूशास्त्र घ्यावे, आणि गणिताची गोडी असेल तर भौतिकशास्त्राचा किंवा सिव्हिल इंजिनिअरिंगचाही विचार करावा.

असे का, ते नॉर्वेच्या रोम्सडाल खोऱ्यातील वेस्लेमानेन या कड्यावरून कळेल. शरद ऋतूतील पावसाचे पाणी भेगांत शिरले की हा कडा वेगाने सरकू लागे. जमिनीवर बसवलेल्या रडारने ही हालचाल सतत मोजली जात होती आणि वेग वाढला की पायथ्याच्या कुटुंबांना घर सोडायला सांगितले जाई. 2014 पासून असे 16 वेळा घडले. अखेर 5 सप्टेंबर 2019 रोजी कड्याचा मोठा भाग कोसळला, तेव्हा कोणालाही इजा झाली नाही. कडा पडत नसतानाही लोकांना पुन्हा पुन्हा घराबाहेर काढण्याचा सल्ला देणाऱ्या माणसाला खडक, पाणी आणि आकडे या तिन्हींची पक्की जाण लागते. पर्यावरणशास्त्राच्या अनेक अभ्यासक्रमांत ती वरवरचीच मिळते, असे माझे मत आहे.

हवामानबदलाशी जुळवून घेणे हा या कामाचा दुसरा भाग, आणि तो बराचसा बांधकामाचा व नगररचनेचा आहे. स्वालबार्ड या नॉर्वेच्या आर्क्टिक द्वीपसमूहातील लाँगइयरब्येन गावी 19 डिसेंबर 2015 रोजी झालेल्या हिमस्खलनात 2 जणांचा मृत्यू झाला आणि 11 घरे उद्ध्वस्त झाली. त्यानंतर उतारावर हिमरोधक उभारले गेले, पायथ्याची अनेक घरे पाडली गेली आणि रहिवाशांना दुसरीकडे हलवावे लागले. तेथील घरे पर्माफ्रॉस्टमध्ये, म्हणजे वर्षानुवर्षे गोठलेल्या जमिनीत, रोवलेल्या खांबांवर उभी असतात. उन्हाळ्यात वितळणारा वरचा थर जाड होऊ लागला की हा पायाच डळमळतो. मुलीला या भागात अधिक रस असेल, तर सिव्हिल इंजिनिअरिंग उजवे ठरेल.

भूशास्त्रात बी.एस्सी. केल्यावर जॅम या आयआयटींच्या एम.एस्सी. प्रवेशपरीक्षेद्वारे मुंबई किंवा खरगपूरच्या आयआयटीत एम.एस्सी. करता येते. जीआयएस (संगणकावर नकाशे करण्याची प्रणाली), पायथन ही संगणकभाषा आणि उपग्रहांच्या रडार प्रतिमांवरून जमिनीची हालचाल मोजण्याचे तंत्र तिने पदवीच्या काळातच शिकायला घ्यावे. पुढे संशोधनासाठी परदेशीच जायला हवे असे नाही: वास्कोतील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र ही संस्था आपल्या शेजारच्या गोव्यातच आहे, आणि स्वालबार्डमधील न्यू-ओलेसुंड येथे 2008 पासून चालू असलेले भारताचे 'हिमाद्री' स्थानक तीच सांभाळते. लाँगइयरब्येनच्या विद्यापीठ केंद्रातही शिकता येते. तेथे मैदानी कामाआधी ध्रुवीय अस्वलांपासून बचावासाठी बंदूक हाताळण्याचे प्रशिक्षण घ्यावे लागते, हे आपल्याला आताच सांगितलेले बरे! नॉर्वेने 2023 पासून युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्यांना शुल्क लागू केले आहे, पण तेथे पीएच.डी. ही सहसा पगारी नोकरी असते, म्हणून कर्ज काढून एम.एस्सी.साठी तिकडे जाण्याची घाई करू नये.

आता पोटापाण्याचे. आर्क्टिक भागातील कायमच्या नोकऱ्या थोड्या आहेत, आणि सरकारी इशारा-यंत्रणेत स्थानिक भाषेवाचून निभाव लागणे कठीण. मात्र हेच कौशल्य हिमालयात आणि सह्याद्रीतही लागते. 30 जुलै 2014 रोजी माळीण दरडीखाली गेले, ते आपण विसरलेलो नाही. आपल्याकडे दरडींचा अभ्यास प्रामुख्याने भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण करते आणि तेथील भूवैज्ञानिकांची भरती यूपीएससीच्या परीक्षेतून होते. त्या परीक्षेसाठी भूशास्त्र किंवा तत्सम विषयातील पदव्युत्तर पदवी लागते, त्यामुळे केवळ पर्यावरणशास्त्र घेतल्यास हे दार बहुधा बंदच राहील.

प्रवेशअर्ज भरण्यापूर्वी एक करून पाहावे. नॉर्वेच्या 'वार्सोम' या संकेतस्थळावर हिवाळ्यात हिमस्खलनाच्या धोक्याची 1 ते 5 अशी पातळी रोज इंग्रजीतही दिली जाते. एक प्रदेश निवडून महिनाभर रोज दहा मिनिटे तिने ते निवेदन वाचावे, दुसऱ्या दिवशीच्या पातळीचा आपला अंदाज कारणासह वहीत लिहावा आणि नंतर ताडून पाहावा. ती वही घेऊन आपण दोघी भेटायला आलात, तर शाखेचा निर्णय आपण एकत्र बसून करू.