अर्ज तुमचा, मोबाइल कोणाचा?

विद्यापीठाच्या विद्यार्थी सुविधा केंद्रात मी सव्वीस वर्षं होते. बोनाफाईड, स्थलांतर प्रमाणपत्र, पुनर्मूल्यांकन, शिष्यवृत्ती, तक्रार, समुपदेशन अशी एकेक खिडकी ऑनलाइन होताना तिथेच बसून पाहिली. निवृत्त झाले तरी पत्रं येतातच, आणि बहुतेकांत घोळ तोच असतो. म्हणून या वेळी काही पत्रांना एकत्र उत्तरं देते.

प्रश्न : बँकेत विचारलं तर सांगतात आधार लिंक आहे. तरी मैत्रिणींची शिष्यवृत्ती जमा झाली, माझी नाही. असं कसं?

आधार 'लिंक' असणं वेगळं आणि 'सीडिंग' होणं वेगळं. बँकेने केवायसीसाठी तुमचा आधार क्रमांक घेतला की त्यांच्या लेखी लिंक झालं. सरकारी पैसे मात्र एनपीसीआयच्या (बँकांमधले पैशांचे व्यवहार जोडणारी राष्ट्रीय संस्था) नोंदीत तुमच्या आधारसमोर ज्या बँकेचं नाव आहे, तिथेच जातात. त्या नोंदीत एका वेळी एकच बँक राहते. मध्यंतरी दुसरीकडे खातं उघडताना सीडिंगच्या चौकटीत टिक केली असेल, तर पैसे त्या खात्यात पडले असतील. ते पासबुक आधी भरून आणा. आधारच्या 'मायआधार' या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' पाहिलंत की बँकेचं नाव दोन मिनिटांत कळतं. त्याचा प्रिंट घेऊन बँकेत जा, सीडिंगचा संमती फॉर्म भरा आणि पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. सीडिंग ठीक निघालं, तर अर्ज कुणाच्या लॉगिनला अडकलाय हे कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात बसून तपासून घ्या. हप्ता येईल, येईल म्हणत मार्च उजाडू देऊ नका.

प्रश्न : एबीसी आयडी नसेल तर निकाल कायमचा रोखतात असा मेसेज फिरतोय. कॅफेवाला आयडीचे दोनशे रुपये मागतो. द्यावेत का?

देऊ नका. एबीसी म्हणजे 'अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स', तुमचे श्रेयांक जमा राहतात ते खातं. त्याचा आयडी सरकारच्या डिजिलॉकरमधून फुकट निघतो. परीक्षेच्या अर्जात तो मागितला जातो, त्यामुळे आजच काढून ठेवा. निकालाबद्दल शंका असेल तर परीक्षा विभागाला विचारा. जावक क्रमांक आणि तारीख नसलेल्या मेसेजवर विश्वास ठेवून घाबरून जाऊ नका.

प्रश्न : डिजिलॉकरमधली मार्कशीट नोकरीच्या ठिकाणी चालते का?

'इश्यूड' या भागात संस्थेकडून आलेली असेल तर कायद्याने ती मूळ प्रतीच्या बरोबरीची आहे. तुम्ही फोटो काढून चढवलेली असेल तर ती नुसती झेरॉक्स.

प्रश्न : पहिल्या वर्षी महाडीबीटीचा (राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलचा) अर्ज एसटी स्टँडजवळच्या कॅफेत भरला होता. आता नूतनीकरणाचा ओटीपी भलत्याच नंबरवर जातो. कॅफेवाले दादा म्हणतात, पाचशे रुपयांत नवं प्रोफाइल काढून देतो. काढू का मॅडम?

अजिबात नाही. एका विद्यार्थ्याची दोन प्रोफाइल झाली तर छाननीत दोन्ही अडकण्याची भीती असते, आणि ते निस्तरायला लागणारा वेळ मुदतीपेक्षा मोठा असतो.

या प्रश्नावर मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण यापायी मुलांची वर्षं वाया गेलेली मी पाहिली आहेत. एकदा एक मुलगी वडिलांना घेऊन आली होती. अर्ज नामंजूर का झाला, एवढंच त्यांना हवं होतं. मी संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. त्यावर नोंदवलेल्या मोबाइलचे शेवटचे चार आकडे दिसत होते. तिने वाचले, वडिलांनी वाचले आणि दोघं एकमेकांकडे बघत राहिले. घरात तो नंबर कुणाचाच नव्हता. 'उत्पन्नाचा दाखला अस्पष्ट, पुन्हा जोडा' असा शेरा मारून अर्ज तिच्याकडे परत आला होता. तसा निरोपही गेला, पण ज्या दुकानात अर्ज भरला तिथल्या पोऱ्याच्या फोनवर. त्याने तोवर दुकान सोडलं होतं. एका दाखल्याचा धड फोटो काढण्याचं काम, आणि पोरीची वर्षाची फी वडिलांच्या अंगावर आली.

खिडकीवर असताना मी विद्यार्थ्याचा चेहरा बघायचे, ओळखपत्र बघायचे, समोर सही घ्यायचे. पोर्टलला यातलं काही दिसत नाही. ते तुम्हाला एका मोबाइल नंबरावरून ओळखतं. ज्याच्या फोनवर ओटीपी येतो त्याची सही चालते. बँकेच्या स्लिपवर आपण परक्याला सही करू देत नाही, मग इथे का देतो? स्टँडजवळच्या एका दुकानात मी जाड वही पाहिली आहे. डावीकडे मुलांची नावं, मध्ये युजर आयडी, उजवीकडे पासवर्ड, पानंच्या पानं. वही काउंटरवर उघडी पडलेली. दुकानदाराच्या मनात काही वाईट नव्हतं, मुलं पासवर्ड विसरतात म्हणून तो लिहून ठेवायचा. पण ती वही उद्या कुणाच्या हाती पडेल हे तोही सांगू शकत नाही.

दुसरा घोळ मुलं स्वतः करतात. स्वस्त प्लॅन दिसला की नवं सिम घेतात आणि जुन्याचं रिचार्ज सोडून देतात. बंद पडलेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. मग तुमच्या शिष्यवृत्तीचा ओटीपी कुठल्या अनोळखी माणसाच्या खिशात वाजेल, सांगता येत नाही. पदवी हातात पडेपर्यंत एकच नंबर ठेवा. स्वतःचा फोन नसेल तर आईचा किंवा वडिलांचा द्या. कॅफेत जायला माझी ना नाही, गावाकडच्या कितीतरी मुलांचे अर्ज या दुकानदारांमुळेच वेळेत गेले आहेत. पण नंबर आणि पासवर्ड स्वतःच्या बोटांनी टाका, निघताना लॉग आउट करा आणि तिथल्या 'डाउनलोड'मध्ये राहिलेली आधारची, जातीच्या दाखल्याची फाइल पुसून या.

आता तुमचं काम. ज्याच्या फोनवर ओटीपी जातोय त्याला आधी गाठा. तो नंबर अजून त्याच्याकडे असेल, तर त्याच्यासमोर लॉगिन करून नंबर लगेच बदलून घ्या. सापडत नसेल तर जुन्या अर्जाचा क्रमांक, आधार आणि कॉलेजचं ओळखपत्र घेऊन शिष्यवृत्ती विभागात लेखी अर्ज द्या. तिथून काम झालं नाही तर तुमच्या योजनेच्या जिल्हा कार्यालयात जा. आधारलाच जुना नंबर असेल तर तो आधार केंद्रात आधी बदला. आणि हे याच आठवड्यात करा, शेवटच्या दिवशी पोर्टलही साथ देत नाही.

प्रश्न : परदेशी प्रवेशासाठी ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या वर्षांच्या गुणांचा अधिकृत उतारा) हवा आहे. तीन हजारांत चार दिवसांत आणून देतो असं एक एजंट म्हणतो. खात्रीचा आहे.

अर्ज विद्यापीठाच्या संकेतस्थळावरच करायचा आहे, एजंटही तो तुमच्याच नावाने भरणार. वर तुमच्या गुणपत्रिका आणि पासपोर्टची प्रत त्याच्याकडे राहणार. घाई असेल तर परदेशी विद्यापीठाचं प्रवेशपत्र जोडून परीक्षा विभागात स्वतः भेटा.

प्रश्न : मी पूर्ण दृष्टिहीन आहे. सूचना पोर्टलवर येतात, पण कागद स्कॅन करून टाकलेले असतात, स्क्रीन रीडर गप्प बसतो. पुढे कॅप्चा असतो, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून लिहायची. दर वेळी मित्राला बोलवावं लागतं.

ही चूक विद्यापीठाची आहे. तुम्ही मदत मागत नाही, हक्क मागताय. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात इलेक्ट्रॉनिक मजकूर सुगम असण्याची तरतूद आहे, आणि डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये सांगितलं. गंमत नाही, मला याचा फार त्रास होतो. परिपत्रक संगणकावरच टाइप झालेलं असतं. ते छापायचं, सही-शिक्का मारायचा आणि पुन्हा त्याचा फोटो चढवायचा, यात फक्त तुमच्यासाठीचं दार बंद होतं. टाइप केलेली फाइल सोबत चढवायला अर्धा मिनिट लागतो. कोणत्या सूचना वाचता आल्या नाहीत ते तारखांसह लिहून समान संधी कक्षाला आणि कुलसचिवांना मेल करा. दाद लागली नाही तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे जा. त्याआधी कक्षाच्या समन्वयकांशी एकदा बोलून घ्या.

प्रश्न : कॉलेजचं समुपदेशन आता व्हिडिओ कॉलवर आहे. आमचं घर दोन खोल्यांचं, आजी कायम शेजारी. मी काहीच बोलू शकत नाही. आणि हे सगळं रेकॉर्ड होतं म्हणतात.

रेकॉर्ड होतं की नाही हे ऐकीव गोष्टींवर सोडू नका, पहिल्याच भेटीत समुपदेशकांना विचारा. माझ्या नोंदी कोण पाहू शकतं, हेही विचारा. उत्तर द्यायला ते बांधील आहेत. घरातून जमत नसेल तर कॉलेजमध्ये एखादी रिकामी खोली आणि ठरावीक वेळ मागून घ्या, किंवा समोरासमोर भेट मागा. सेवा ऑनलाइन झाली तरी तुम्ही प्रत्यक्ष भेट मागू शकता. रात्री-बेरात्री जीव घुसमटला तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे. तो मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जीवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. आजच फोन करा आणि घरातल्या किंवा वसतिगृहातल्या एका माणसाला सांगून ठेवा.

प्रश्न : पोर्टलवर तक्रार केली. तीन दिवसांनी 'क्लोज्ड' दिसलं. कुणी फोनसुद्धा केला नाही.

रंग हिरवा झाला म्हणजे तक्रार सुटली असं नसतं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२३ च्या विनियमांनुसार ऑनलाइन आलेली तक्रार संस्थेने १५ दिवसांत विद्यार्थी तक्रार निवारण समितीपुढे ठेवायची असते. समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तो मान्य नसेल तर निर्णय मिळाल्यापासून १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येतं. 'क्लोज्ड'चा स्क्रीनशॉट काढा आणि प्राचार्यांना लेखी विचारा की समितीची बैठक कधी झाली. आवक शिक्का घ्या. तुमची तक्रार कशाबद्दल आहे हे पत्रात नाही. छळाची किंवा रॅगिंगची असेल तर तिचा मार्ग वेगळा आहे, रॅगिंगसाठी आधी १८००-१८०-५५२२ या रॅगिंगविरोधी हेल्पलाइनवर बोला.

प्रश्न : मी एका महाविद्यालयात वरिष्ठ लिपिक आहे. सगळं ऑनलाइन झालं, आता खिडकी बंद करा, असं व्यवस्थापनाचं म्हणणं आहे.

बंद करू नका, आणि हे मत टिपणीवर लेखी मांडा. मुंबई विद्यापीठाने २०१७ मध्ये उत्तरपत्रिकांची तपासणी एका झटक्यात पडद्यावर नेली आणि निकाल महिनोन्महिने रखडले. पुढचे प्रवेश ताटकळले ते मुलांचे. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ तर १९८९ पासून दूरस्थ शिक्षणच देतंय, तरी त्यांनाही अभ्यासकेंद्रं लागतातच, कारण अडलेल्या विद्यार्थ्याला विचारायला माणूस लागतो. एक खिडकी ठेवा. तिथला पडदा विद्यार्थ्याकडे फिरवलेला असू द्या. अर्ज त्याला भरू द्या, तुम्ही शेजारी बसा. मोबाइल नंबर त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्या, त्याच्या फोनवर ओटीपी आल्याचं बघा आणि मगच त्याला 'सबमिट' दाबू द्या.