धक्का चालतो, मग पेनल्टी कशाची?

प्रश्न: मुलगा टोरोंटोला असतो, तिथे गेलो की एनएचएल, म्हणजे तिथली बर्फावरच्या हॉकीची व्यावसायिक लीग, बघतो. एकाला काचेवर दणकन आपटलं तरी खेळ चालूच आणि दुसऱ्याला जरा ढकललं की दोन मिनिटं बाहेर, असं का? ११ वर्षांचा नातूही हॉकी खेळतो, काळजी वाटते.

उत्तर: काका, किती जोरात यापेक्षा कोणाला, कधी आणि कसं धडकला ते रेफरी बघतो. पक (बर्फावर सरकणारी रबरी चकती) ज्याच्याकडे आहे किंवा ज्याने आत्ताच सोडलाय त्यालाच अडवता येतं, उशिरा धडकलात की इंटरफिअरन्स नावाची पेनल्टी. लांबून वेग घेऊन किंवा उडी मारून आलात तर चार्जिंग. खरा घोळ बोर्डिंगचा, म्हणजे सावरू न शकणाऱ्याला कडेच्या भिंतीवर आपटणं, त्यात जबाबदारी धडकणाऱ्याची, त्याला समोरच्याच्या पाठीवरचा नंबर दिसतोय तर त्याने आवरायलाच हवं, पण समोरच्याने ऐनवेळी पाठ फिरवली असेल तर रेफरीला तेही धरावं लागतं आणि हे सगळं क्षणात होतं, म्हणून एवढे वाद. साधी पेनल्टी दोन मिनिटं, गंभीर असेल तर पाच.

डोक्याचं वेगळं. २०१० मध्ये बोस्टन संघाच्या मार्क सॅव्हार्ड या खेळाडूला डोक्यावर भयंकर धक्का बसला आणि साधी पेनल्टीही मिळाली नाही, त्यानंतर कुठे डोक्यावरच्या धक्क्यांविरुद्ध नियम आला, फारच उशिरा.

नातवाचं म्हणाल तर कॅनडात २०१३ पासून त्याच्या वयोगटात बॉडीचेकिंग, म्हणजे अंगाने धडक देऊन अडवणं, बंद आहे, खेळू द्या त्याला.