सगळं संशोधन नेटवर खुलं होत असेल, तर विद्यापीठाच्या ग्रंथालयाचं काम काय उरतं?

मी विद्यापीठाच्या ग्रंथालयातच काम करते. तुम्ही म्हणता तसे प्रबंध आणि लेख नेटवर येतात खरे, पण आपोआप येत नाहीत. बरेचदा ते आम्हीच चढवलेले असतात.

शोधगंगा या पीएचडी प्रबंधांच्या खुल्या ऑनलाइन भांडाराचंच घ्या. यूजीसीच्या २००९च्या नियमांनी पीएचडीच्या प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणं बंधनकारक झालं आणि गांधीनगरचं इन्फ्लिबनेट केंद्र हे भांडार सांभाळतं. तिथे जाण्याआधी प्रबंध ग्रंथालयाच्या टेबलावर येतो. मुखपृष्ठ, प्रमाणपत्र, अनुक्रमणिका, एकेक प्रकरण अशा वेगवेगळ्या पीडीएफ कराव्या लागतात; मार्गदर्शक, विभाग, विषय भरावे लागतात. मराठी प्रबंधांचा त्रास निराळाच. युनिकोडच्या, म्हणजे कुठल्याही संगणकावर सारखीच वाचता येणाऱ्या अक्षरपद्धतीच्या, आधीच्या फॉन्टात टाइप केलेला प्रबंध कागदावर सुरेख दिसतो, पण त्यातली ओळ कॉपी करून दुसरीकडे चिकटवा, रोमन अक्षरांची नुसती गिचमीड होते. मग 'वारली चित्रकला' असं शोधणाऱ्याला तो सापडणार कसा? म्हणून शीर्षक, सारांश आणि शोधशब्द आम्ही युनिकोडमध्ये नव्याने टाइप करतो. हे कंटाळवाणं आहे, पण ते केलं नाही तर कुणाची चार-पाच वर्षांची मेहनत खुली असूनही कुणाच्या नजरेला पडत नाही.

जुन्या साहित्याचंही तसंच. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयाने कितीतरी दुर्मीळ पुस्तकं आणि अहवाल स्कॅन करून खुले केलेत. एकदा जरूर चाळा.

'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' या केंद्र सरकारच्या योजनेने हे सगळं सुटलं, असं अनेकजण म्हणतात. मला ते पटत नाही. २०२५ ते २०२७ साठी केंद्राने ६,००० कोटी रुपये मंजूर केले आणि ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० जर्नलं सरकारी शिक्षणसंस्थांना मिळू लागली. लहान गावातल्या सरकारी कॉलेजसाठी ही फार मोठी गोष्ट आहे, यात वादच नाही. पण ही वर्गणीच आहे. निवृत्त शिक्षक, स्वतंत्र अभ्यासक, खाजगी दवाखाना चालवणारा डॉक्टर हे सगळे बाहेरच राहतात. शोधगंगावरचा प्रबंध मात्र यांतला कुणीही घरबसल्या, एक पैसा न देता वाचू शकतो.

लेखांसाठीही वाट आहे. पुष्कळ प्रकाशक जर्नलमध्ये छापलेली पीडीएफ खुली ठेवू देत नाहीत, पण लेख स्वीकारला गेल्यावरची तुमची स्वतःची शेवटची फाइल संस्थेच्या रिपॉझिटरीत, म्हणजे तिच्या खुल्या ऑनलाइन भांडारात, ठेवू देतात. काहींची सहा महिने किंवा वर्षभर थांबण्याची अट असते. कुठल्या जर्नलचा काय नियम, हे आम्ही शोधून देतो.

तुम्ही स्वतः पीएचडी करत असाल तर पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्ये लिहा, आणि लेख स्वीकारल्याचं पत्र आलं की ती वर्ड फाइल लगेच ग्रंथालयात पाठवून द्या. प्रबंधाचं पुस्तक किंवा पेटंट करायचा विचार असेल, तर प्रबंध जमा होऊन सगळ्यांना खुला होण्याआधी आम्हाला येऊन भेटा.